दुपट्यांचा शर्ट

“वर. हात वर कर. अगं छताकडं, माझ्या डोळ्यात नको.”

सासूबाई ओरडत होत्या आणि मी एका काळ्या कुर्त्यात अडकले होते. दोन्ही हात वर, डोकं आत, तोंडावर कापड आणि कमरेखाली परकर. आमच्या सासूबाईंचा आवाज असा, की गंगापूर धरणाचे दरवाजे उघडताना भोंगा वाजवतात त्याच्या जागी त्यांना उभं केलं, तर नदीकाठची माणसं अर्धा तास आधीच घरं रिकामी करतील. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्या स्वयंपाकघरात नुसत्या बोलल्या तरी खालचा इस्त्रीवाला दचकून इस्त्री उचलून धरतो. त्या रविवारी तर त्या बोलत नव्हत्या, ओरडत होत्या, तेव्हा खाली किती कपडे जळाले असतील ते त्यालाच ठाऊक.

“श्वास सोड.”

“सोडलाय.”

“मग अजून सोड.”

“आई, आता सोडला तर परत घेता यायचा नाही.”

पलंगावर आमची सहा महिन्यांची लेक बापाच्या मांडीवर बसून हे बघत होती. आई कापडाआड लपली आहे, आता भॉ करणार, अशी तिची समजूत झाली आणि ती खिदळायला लागली. बराच वेळ झाला तरी आई भॉ करेना म्हटल्यावर तिनं भोकाड पसरलं. ते ऐकलं आणि माझं दूध सुटलं. त्याला कुठं कळतंय की मालकीण अडकलेली आहे. कुर्ता ओला झाला, अंगाला आणखी चिकटला, आणि जो थोडा हलत होता तोही हलायचा थांबला.

“कात्री आण,” सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“कापायचा?”

“मग काय, अशीच पाठवतो हिला कामावर?”

काखेपासून खालपर्यंत कर्रकर्र आवाज आला आणि मी बाहेर पडले. घामानं न्हालेली, केस विस्कटलेले. समोर सासूबाई हातात कात्री घेऊन उभ्या. त्यांच्या शिलाई मशीनच्या खणातली ती काळ्या दांड्याची मोठी कात्री. तिच्या सांध्यात पांढरे दोरे अडकले होते. का कोण जाणे, मला ते दोरे बघूनच विचारावंसं वाटलं.

“आई, माझे पांढरे शर्ट कुठायत? पाच होते. कपाटात सापडत नाहीत.”

सासूबाईंनी कात्री पदराआड घेतली.

इथं मला माझं काम सांगावं लागेल. मी दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीत आहे. नातेवाइकांत सासूबाई “द्राक्षांच्या कंपनीत हाय” एवढंच सांगतात, आणि कुणी फारच खोदून विचारलं तर “ज्यूसचं काहीतरी हाय” म्हणून चहा ठेवायला आत जातात. पाहुण्यांना फिरवणं हे माझं काम. वेली दाखवायच्या, टाक्या दाखवायच्या, लाकडी पिंपांच्या गार खोलीत न्यायचं, शेवटी पेला उजेडाकडं उचलून रंग दाखवायचा, नाकाशी न्यायला लावायचा आणि या सगळ्या वेळात मनसोक्त थापा मारायच्या. कंपनीच्या कागदांत थापा असा शब्द नाही, तिथं ‘अनुभव’ लिहिलंय. मी पाहुण्यांना सांगायचे, की या डावीकडच्या पिंपाला रोज तबला ऐकवतो म्हणून त्यातली वाइन लवकर मुरते, आणि उजवीकडच्याला चुकून एकदा सतार ऐकवली तर ते महिनाभर रुसलं होतं. एका गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. दुसरे एक पुढच्या वर्षी आले तेव्हा उजव्या पिंपाची तब्येत विचारत होते. सात वर्षं मी हे केलं, आणि खोटं कशाला बोलू, एवढं एक काम मला येतं.

त्या कामाचा पोशाख ठरलेला. पांढरा शर्ट, काळी पँट, डाव्या खिशावर नावाची पट्टी. पांढराच का, तर दिवसभर लाल वाइन ओतूनही जिच्या अंगावर थेंब नाही तीच खरी, असं आमच्या मॅनेजरसाहेबांचं मत.

रजा संपायला आठ दिवस उरले होते. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. साहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, “या ना मॅडम. सध्या टूर ती नवीन मुलगी करतेय. चांगली करते. तुम्ही या, मग बघू.” हे ‘मग बघू’ मी चार दिवस चघळत होते. चघळून चघळून मी अर्थ लावला तो असा: सोमवारी मी कडक इस्त्रीत, काल संध्याकाळीच घरी गेले होते आणि आज परत आले अशा थाटात फाटकातून आत शिरले, तर टूर माझी. आणि ओघळलेल्या बाळंतिणीसारखी गेले, तर ती त्या मुलीची. सहा महिन्यांत मी कुणाला एक थाप मारली नव्हती. दिवसभर अले अले, छी छी, ढेकर काढ, एवढंच बोलत होते. कधीकधी आंघोळीच्या वेळी नळ सोडून मी बादलीला टूर द्यायचे, आणि मधेच शब्द आठवायचा नाही. तेव्हा मला खरी भीती वाटायची. मला तो पेला परत हातात हवा होता. बाकी काही नको होतं.

तर शर्ट.

“दांडीवर हायेत,” सासूबाई म्हणाल्या.

मी गॅलरीत गेले. दांडीवर दुपटी वाळत होती, सहा. झबली होती. टोपडी होती. लंगोट तर मोजवणार नाहीत एवढे.

आमच्याकडं तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. घरातल्या माणसाच्या अंगावर वापरून, धुऊन धुऊन मऊ झालेलंच घालायचं. मी बाळंतपणाला सिन्नरला आईकडं होते तेव्हा सासूबाईंनी फोन करून विचारलं होतं, “जुनं पांढरं मऊ काही हाय का गं, बाळाचं शिवायला?” त्या वेळी माझी आई माझ्या तोंडात अळिवाचा लाडू कोंबत होती. आमची आई लाडू भरवत नाही, तोफेत गोळा भरतात तसा भरते. मी भरल्या तोंडानं म्हणाले, “कपाटात असेल बघा. घ्या लागेल ते.” माझ्या डोळ्यांसमोर खालच्या कप्प्यातल्या जुन्या चादरी होत्या. सासूबाईंनी वरचा कप्पा उघडला. त्यांना पाच शर्ट दिसले. पांढरे, सुती, सात वर्षं आठवड्यातून दोनदा धुतलेले. त्याहून मऊ काय असणार. पाठी कापून-जोडून दुपटी झाली, पुढच्या भागांची झबली, बाह्यांची टोपडी, आणि राहिलेल्या तुकड्यांचे लंगोट. पाच कॉलरी तेवढ्या उरल्या. त्या दोऱ्यानं एकत्र बांधून मशीनच्या खणात ठेवलेल्या होत्या, कधी लागल्या तर.

आणि मी काय करत होते? तीन महिने मी ही झबली रोज धुवत होते, वाळवत होते, घड्या घालत होते. एका झबल्याला खिसा होता. त्याचं मी कौतुकही केलं होतं, शेजारणीला बोलावून दाखवलं होतं, की बघा, आमच्या सासूबाईंची हौस, तान्ह्या पोरीला खिसा. त्या दिवशी मी ते झबलं दांडीवरून काढलं आणि उजेडाकडं धरलं. खिशाच्या वरच्या काठाला दोन बारीक भोकं होती. नावाच्या पट्टीची पिन रोज तिथं टोचायची. सात वर्षांत ती भोकं बुजायची थांबली होती.

“आई, मी हे कामावर घालत होते.”

“हो ना. पण मला वाटलं, आता कशाला लागत्यात.”

त्या कुत्सितपणानं बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या तसं बोलल्या नाहीत. घरात पोर आली, आता ही ज्यूसच्या कंपनीत कशाला जाईल, असं त्यांना अगदी सरळ, प्रेमानं वाटलं होतं. लेकीच्या अंगावर माझा शर्ट घालताना त्यांनी शिवण उलटी करून आतला काठ दुमडला होता, तिला टोचू नये म्हणून.

सोमवारी मी कॉलेज रोडला गेले. लेकीला पाजून, निजवून, दोन तासांच्या बोलीवर. तिथल्या मोठ्या दुकानात दारातच एक चुणचुणीत मुलगी भेटली. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मॅम, मॅटर्निटी वरच्या मजल्यावर आहे.”

“झालं बाळ.”

“अच्छा. मग फीडिंग गाऊन खाली.”

वर पोटुशींचा मजला, खाली बाळंतिणींचा. मधल्या मजल्यावर ज्या बायका शर्ट बघत होत्या त्यांना पोरं होणं तर सोडाच, त्यांनी लहानपणी बाहुलीसुद्धा कडेवर घेतली नसावी अशा त्यांच्या कमरा होत्या. तरी मी मधल्या मजल्यावर शिरले. नऊ शर्ट घेऊन ट्रायल रूममध्ये गेले. खांद्याला बसेल तो छातीला मिटेना, आणि छातीला मिटेल त्याचे खांदे असे लोंबायचे की द्राक्षबागेत उभी केली असती तर पाखरं महिनाभर फिरकली नसती. खोलीत तीन बाजूंनी आरसे. तीन बाजूंना तीन मी, आणि तिघींचंही तिसरं बटण लागेना. मग दूध आलं. दुकानातला शर्ट खराब व्हायला नको म्हणून मी घाईघाईनं काढला, ओढणी छातीशी धरली आणि स्टुलावर बसून रडले. खूप वेळ. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं वाढवून सांगते, हे नाही.

बाहेरून ती मुलगी टकटक करत होती, “मॅम, दुसरी साइझ देऊ का?”

दुसरी साइझ मला मिळाली ती गल्लीतल्या शिंपीमास्तरांकडं. म्हणजे मिळायला हवी होती.

मास्तर वयस्कर, गळ्यात टेप, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांच्याकडं एक जाडजूड वही आहे, तिच्यात गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं आहेत. ती वही गहाळ झाली तर गल्लीतले निम्मे संसार शांततेत चालतील असं माझा नवरा म्हणतो. माझं माप तिच्यात होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतलं.

“तीन शर्ट, दोन पँट,” मी म्हणाले. “शनिवारपर्यंत.”

“होईल,” मास्तर टेप काढत म्हणाले. “या, माप घेऊ.”

दुकानात दोन बायका ब्लाउज न्यायला थांबल्या होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, “बाळंतपण मानवलं हो चांगलं.” दुसरी म्हणाली, “मानवलंच पाहिजे, माहेरचं तूप.” हे वाक्य त्या सहा महिन्यांत मी नाशिक शहर आणि सिन्नर तालुक्यातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. पोस्टमन म्हणाला होता. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला होता. त्या क्षणी, त्या दोघींसमोर, मास्तरांनी टेप माझ्या छातीभोवती गुंडाळून आकडा मोठ्यानं वाचावा, हे मला नको झालं.

“मास्तर, वहीतलंच माप घ्या. फरक नाही.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “फरक नाही?”

“इंचभरसुद्धा नाही. हे दुधामुळं दिसतंय. कामावर गेलं की आठवड्यात उतरतं. डॉक्टर म्हणाले.”

कुठल्याही डॉक्टरनं असं काही म्हटलं नव्हतं.

“थोडं सैल ठेवतो मग.”

“नको. फिटिंगला हवंय.”

सात वर्षं मास्तर माझ्या गोष्टी ऐकत आले होते. तबल्याच्या पिंपाची त्यांना फार आवड. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांनी विश्वासानं वहीतल्या मापाचे शर्ट कापले. सहा महिन्यांनी मारलेली माझी पहिली थाप, आणि ती मी स्वतःलाच मारली.

शनिवारी संध्याकाळी शर्ट आले. सुरेख शिवले होते. पांढरेशुभ्र, जवळजवळ निळसर, कॉलर ताठ. पँटींच्या कमरेला मास्तरांनी माझं न ऐकता इलॅस्टिक घातलं होतं, म्हणून त्या तेवढ्या चढल्या. शर्ट चढले नाहीत. म्हणजे बाह्या आल्या, पाठ आली, आणि पुढच्या दोन्ही भागांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं. मी पोट आत घेतलं, अंतर तसंच. नवऱ्यानं मागून ओढलं, त्यालाच धाप लागली.

सासूबाई ओरडल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हळू बोलल्या.

“माप कुणाचं दिलंस?”

“माझंच.”

“कवाचं?”

मी शर्ट काढून घडी घालायला घेतला.

रविवारी सकाळी त्या स्वतः माझ्याबरोबर मास्तरांकडं आल्या. दुकान बंद होतं, शटर अर्धं वर करून मास्तर बाहेर आले. शर्ट उलटा करून त्यांनी आतली शिवण दाखवली. “पांढऱ्यात आत कापड ठेवत नाही आम्ही. बाहेरून दिसतं. आता दोन्ही बाजूंनी काखेपासून खालपर्यंत पट्ट्या घालाव्या लागतील. पण या ताग्यातलं कापड संपलं, आणि दुसरं नवं घातलं तर ते धुतल्यावर वेगळं आकसेल, सगळी शिवण ओढली जाईल. वापरलेलं, धुतलेलं पांढरं असेल तर बघा. सुती.”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नव्हतो.

घरी आल्यावर सासूबाई गॅलरीत गेल्या आणि दांडीवरची चार दुपटी काढून आणली. मशीनपाशी मांडी घालून बसल्या आणि कात्रीच्या टोकानं एकेक टाका उसवायला लागल्या. स्वतःच घातलेले टाके, बारीक, जवळजवळ. लेकीला दुपारी बापाच्या जुन्या लुंगीत गुंडाळलं. तिला ती चौकटीची नक्षी आवडली, मला वाटतं. चार दुपट्यांत दोन शर्टांची सोय झाली. तिसऱ्यासाठी दोन दुपटी लागत होती, पण एक ओलं होतं आणि एकावर लेक निजली होती.

“ती दोन उद्या वाळली की उसवते,” सासूबाई म्हणाल्या. “मंगळवारी देऊ मास्तरांना. तिन्ही शर्ट होत्यात तुझे. काळजी करू नको.”

संध्याकाळी मास्तरांनी पट्ट्या घालून दिलेला शर्ट अंगावर आला आणि सगळी बटणं लागली. मी आरशासमोर उभी राहिले. हात खाली असले की काही कळत नव्हतं. हात वर केला की काखेपासून कमरेपर्यंत जुन्या, सायीच्या रंगाच्या कापडाची पट्टी उघडी पडायची. त्या पट्टीवर एक फिकट गुलाबी ठिपका होता. सात वर्षांत माझ्या अंगावर एकच थेंब पडला होता, एका पाहुण्यानं मागून सांडलेला, आणि तो पाठीवर असल्यामुळं साहेबांना कधी दिसला नव्हता. आता तो काखेत येऊन बसला होता.

आणि माझं कामच हात वर करायचं.

“पेला कसा धरती ते दाखव,” सासूबाई म्हणाल्या. मी स्टीलच्या फुलपात्रात कोकम सरबत घेऊन दाखवलं. “असा नको. कोपर अंगाला चिकटव, नुसता मनगटातनं उचल. दे इकडं.” त्यांनी फुलपात्र घेतलं, कोपर कमरेला दाबलं आणि दिव्याकडं उचललं. स्टीलमधून रंग दिसणार कसा, पण त्या डोळे बारीक करून बघत होत्या. जन्मात वायनरीचं फाटक न बघितलेली बाई. “आता वास घ्यायचा का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. त्यांनी घेतला. “जिरं जास्त झालंय,” त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघी खूप हसलो. मी त्यांना तबल्याची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी ती खरी मानली.

सोमवारी सकाळी दारात लेक रडेल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. ती पंख्याकडं बघत होती. सासूबाईंनी बोंडल्यातून दूध पाजलं, ती ते प्यायली, आणि मी निघाले तेव्हा तिनं मानही वळवली नाही.

पंचवटीतून कंपनीची गाडी असते. दिंडोरी रस्त्याला दोन्ही बाजूंना बागा, छाटणी झालेल्या. मी खिडकीशी बसून टूर मनात म्हणून बघत होते. सगळे शब्द जागेवर होते. कोपर अंगाला चिकटलेलं होतं.

नवीन मुलगी पिंपांच्या खोलीच्या दारात भेटली. शिडशिडीत, शर्ट आत खोचलेला, खिशावर नावाची पट्टी. स्वभावानं गोड. तिला वाईट म्हणायची मला फार इच्छा आहे, पण जमत नाही.

“मॅडम, तुमच्याच गोष्टी सांगते मी,” ती म्हणाली. “तबल्याची तर सगळ्यांना इतकी आवडते. मी त्यात ढोलकी पण टाकलीय.”

मग तिनं नाक किंचित वर केलं. आमच्या धंद्यात नाक तयार होतं, त्याला इलाज नाही. “कसला वास येतोय? ओव्यासारखा?”

ओवाच होता, आणि वेखंड. लेकीला रोज आंघोळीनंतर धुरी दिली जाते आणि दुपटी त्या धुरात भिजलेली. काखेत घाम आला तसा वास वर यायला लागला होता. “नवीन अत्तर आहे,” मी म्हणाले.

साहेब मोबाइलवर बोलत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण चेहऱ्याकडं. शर्टाकडं नाही, कॉलरीकडं नाही.

“या मॅडम. बाळ कसंय? तुमची व्यवस्था पॅकिंगला केलीय, मागच्या शेडमध्ये. बसून काम आहे, तुम्हालाच सोयीचं.”

“आणि टूर?”

“ते आता सेट झालंय. मागच्या महिन्यातच ठरलं.”

मागच्या महिन्यात. तेव्हा मी अजून कपाटसुद्धा उघडलं नव्हतं. मला फोनवर ‘मग बघू’ म्हणण्याच्याही आधी.

मागच्या शेडमध्ये मशीन बाटल्यांना लेबलं चिकटवतं. जी वाकडी बसतात ती काढून हातानं सरळ लावायची, आणि बाटल्या खोक्यात भरायच्या. तिथं चौघी बायका होत्या. साडीवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढवलेले, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. मी तिथं दिवसभर हात वर-खाली केले आणि कोपर चिकटवायची गरज पडली नाही. दुपारी बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकलं आणि नळ सोडला. भिंतीपलीकडून पाहुणे हसल्याचा आवाज आला. ढोलकीपाशी आली असेल ती, मी अंदाज केला.

संध्याकाळी जिन्यातच सासूबाईंचा आवाज ऐकू आला. चारही मजल्यांना ऐकू आला.

“झाली का गं टूर?”

लेक त्यांच्या कडेवर होती. मी तिला घेतलं, पाजायला बसले, आणि मला खरं सांगता आलं नाही.

“झाली की,” मी म्हणाले. “चाळीस पाहुणे होते. मुंबईचे. एक तर थेट फ्रान्सहून आलेला.”

“मग?”

“पेला धरला. कोपर असं चिकटवून. चाळिसांतल्या एकानंही काखेकडं बघितलं नाही. फ्रान्सवाला म्हणाला, वाइन आमच्याकडं आहे, पण सांगणारी अशी नाही.”

“असं म्हणला?”

“रुमालानं डोळे पुसले त्यानं. मला सोडेचना. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही नव्हता तर सगळं अळणी होतं.”

बोलताना मला जरा बरं वाटत होतं. अजून येतंय, असं वाटलं. मशीनच्या फळीवर राहिलेली दोन दुपटी धुऊन, वाळून, घडी करून ठेवली होती. वर कात्री होती. शेजारी तिसरा शर्ट.

मी बदललेला शर्ट सासूबाईंनी भिजवायला उचलला. नेहमीप्रमाणे बाह्या उलट्या करून बघितल्या. डाव्या कोपराला मागच्या बाजूनं एक लेबल चिकटलं होतं, वाकडं, अर्धं फाटलेलं, द्राक्षाच्या घडाचं चित्र असलेलं. त्यांनी ते नखानं हळूहळू सोडवलं. बाहीवरचा डिंक बोटानं चोळून बघितला. आत खोक्यांचा भुगा होता, तो झटकला. लेबल फळीच्या कडेला ठेवलं. मग कात्री उचलून खणात टाकली, पाच कॉलरींच्या शेजारी, आणि खण लावला.

“मग ही राहिलेली दुपटी नाय उसवत मी,” त्या म्हणाल्या.